पैसे भरून मुगाची खिचडी!

पहाटे साडेचारची घंटा. बाहेर मिट्ट काळोख, खाली गंगेचा आवाज... आणि शेजारच्या पलंगावरून आईचा आवाज, "ऊठ गं, तुझ्या डिटॉक्सची वेळ झाली!"

ऋषिकेशमधला माझा पहिला दिवस असा सुरू झाला. योग, आयुर्वेद आणि तीर्थयात्रा असं तिन्हीचं मिळून दहा दिवसांचं रिट्रीट. दोघींचे पैसे भरताना माझा अख्खा एक पगार गेला. मी हिंजवडीत आयटीत, वय एकतीस, क्लायंट अमेरिकेत. म्हणजे आपला दिवस संपतो तेव्हा त्यांची पहिली कॉफी होत असते. वर्षभर रोज रात्री साडेअकराचा स्टेटस कॉल, तो संपेपर्यंत एक. मग झोप येत नाही म्हणून मोबाइल, आणि मोबाइल हातात म्हणून झोप येत नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना यात काहीच नवीन वाटणार नाही.

मलाही वाटत नव्हतं. पण जुलैत एका रिलीजच्या रात्री दीड वाजता ऑफिसमधून निघाले आणि वाकडच्या अलीकडे, चालत्या स्कूटरवर, माझा डोळा लागला. किती वेळ? एक सेकंद, फार तर दोन. जाग आली ती डिव्हायडरला घासल्याच्या आवाजाने. कोपर सोलवटलं, आरसा तुटला, बाकी काही नाही. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच. घरी फोनवर सांगितलं, जिन्यावरून पडले.

पंधरा दिवसांनी मी हे रिट्रीट बुक केलं. साताऱ्याला सांगितलं, तर आई म्हणाली, "ऋषिकेश? मग मीपण येते. गंगा बघायची राहिलीय माझी." आता आईला घेऊन रिट्रीटला कोण जातं? पण बासष्ट वर्षांच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुठे यायचं म्हटलं होतं. बाबांनी लगेच जाहीर केलं, "माझं मी बघतो, खुशाल जा."

आणि हो, पुण्यात राहून योगासाठी ऋषिकेश कशाला, हा टोमणा मी ऐकून घेतला. तो बरोबरच आहे. स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम 1924पासून लोणावळ्यात आहे आणि बी. के. एस. अय्यंगारांची संस्था 1975पासून चक्क पुण्यातच. पण लोणावळ्याहून मला कुणीही संध्याकाळी परत बोलावून घेतलं असतं. मला लांब जायचं होतं.

जिन्यावरून पडली होतीस ना?

पहिल्याच सकाळी वैद्यबाईंची भेट. बाई केरळच्या. हिंदी मोडकंतोडकं, पण प्रश्न एकदम नेमके. मनगटावर तीन बोटं ठेवून विचारत गेल्या. भूक? पोट? पाळी? झोप?

"होते की," मी म्हटलं.

"गाडी चालवता? चालवताना कधी डुलकी येते?"

आई शेजारीच बसली होती. मी खोटं बोलू शकले असते. पण कोपरावरचा डाग बाईंना दिसत होता, आणि त्यांचं लक्ष तिथेच आहे हे मला कळत होतं. सांगून टाकलं सगळं.

"जिन्यावरून पडली होतीस ना?" आई एवढंच म्हणाली. उठून बाहेर गेली आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसली. दुपारच्या जेवणापर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

वैद्यबाईंनी मग माझा दुसरा फुगा फोडला. वेबसाइटवर 'दहा दिवसांत संपूर्ण पंचकर्म' असं झोकात लिहिलं होतं. त्या सरळ म्हणाल्या, दहा दिवसांत ते नीट होत नाही. आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक. मग वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण या पाचांपैकी ज्याला जे लागेल ते. आणि त्यानंतर पेजेपासून सुरू करून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. "तुम्ही इथून विमानात बसणार, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणार, पिझ्झा खाणार. मी तुम्हाला विरेचन देणार नाही." कपाळावर तेलाची धार सोडतात ती शिरोधारा, जिचा फोटो प्रत्येक ब्रोशरवर असतो, ती या पाचांत येतच नाही, हेही मला तिथेच कळलं.

माझे रक्ताचे रिपोर्ट त्यांनी मागून घेतले. हिमोग्लोबिन 9.4. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मी 'आता आयुर्वेदच करायचा' म्हणून पुण्यातच ठेवून आले होते. त्यांनी त्याच दिवशी बाजारातून मागवायला लावल्या. तेल डोक्यावर ओतून हिमोग्लोबिन वाढत नाही, असं त्यांचं मत. आमच्याच बॅचच्या गुडगावच्या एका मार्केटिंगवाल्याने बीपीची गोळी परस्पर बंद केली होती, कारण काय तर 'नॅचरल' व्हायचं होतं. तिसऱ्या दिवशी तो आसनाच्या वर्गात गरगरून खाली बसला. बाई त्याला जे बोलल्या, ते ऐकून आईने आपली बीपीची गोळी सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली.

आजाऱ्याचं जेवण

दिनक्रम सांगते. साडेचारला उठणं, जलनेती, प्राणायाम, दीड तास आसनं, मग काढा. मोबाइल रिसेप्शनवरच्या कपाटात, संध्याकाळी अर्धा तास मिळणार. पहिले दोन दिवस माझा हात नसलेल्या फोनसाठी खिशाकडे जात होता. संध्याकाळी साडेसहाला जेवण, साडेनऊला दिवे बंद. त्या वेळेला मी पुण्यात संध्याकाळचा चहा घेते!

जेवणात मुगाची खिचडी, दुधी, तूप. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी, पडवळ, तूप. "हे आपण आजाऱ्याला देतो," आई कुजबुजली, "आणि इथे पैसे भरून?" तिचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. पहाटे उठणं, गरम पाणी, दिवाळीला का होईना पण तेल लावून न्हाणं, रात्री हलकं जेवण. साताऱ्याच्या घरात आजी हे सगळं फुकट करायला लावायची आणि आम्ही पळ काढायचो. चौथ्या दिवशी आईने पिशवीतून डबी काढली. मेतकूट! मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं, पण तोपर्यंत दिल्लीची एक मुलगी वाटी पुढे करून उभी होती.

यात आई एकटी नाही बरं. 1968च्या फेब्रुवारीत बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात इथेच आले होते, तेव्हा रिंगो स्टारने सुटकेस भरून डबाबंद बीन्स आणले होते. इथलं जेवण त्याच्या पोटाला मानवणार नाही म्हणून. तो जेमतेम दहा-बारा दिवस टिकला. तो आश्रम आता राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि 2015च्या डिसेंबरपासून तिकीट काढून बघता येतो. भिंतींवर ग्राफिटी, छतातून झाडं. आईला बीटल्स ठाऊक नाहीत, पण रिंगोचा मुद्दा तिला शंभर टक्के पटला.

तिचा खरा छळ झाला तो दुपारी. जेवणानंतर झोपायचं नाही! वैद्यबाईंकडे तक्रार नेली, तर त्या म्हणाल्या, तुम्ही झोपा, वृद्धांना चालतं. चरकाने वृद्ध, बालक, दुर्बळ, प्रवासाने थकलेले अशांना दिवसाच्या झोपेची सूट दिलीय. सूट मिळाली, पण 'वृद्ध' शब्द लागला. आई उरलेले सहाही दिवस दुपारी टक्क जागी राहिली.

गुहेत

आता यात्रेकडे येते, कारण ब्रोशरमध्ये तो भाग मला सगळ्यात फालतू वाटला होता. एका पहाटे कुंजापुरीला नेलं. तीनशेच्या आसपास पायऱ्या, वर देवीचं मंदिर आणि समोर सूर्य उगवताना चौखंबाची बर्फाची रांग. ऑक्टोबरची स्वच्छ हवा होती. छान होतं, फोटोत असतं तसंच छान.

पण सहाव्या दिवशी वसिष्ठ गुहा. ऋषिकेशहून बद्रीनाथच्या रस्त्याने पंचवीस किलोमीटर, मग पायऱ्या उतरून गंगेच्या काठाशी. वसिष्ठ ऋषींनी इथे तप केलं अशी श्रद्धा आहे, आणि गेल्या शतकात केरळहून आलेले स्वामी पुरुषोत्तमानंद इथे राहून गेले. आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग लांबवर एक दिवा, शिवलिंग आणि भिंतीला टेकून गप्प बसलेली माणसं. कुणी काही सांगत नाही, घंटा नाही, रांग नाही. मी बसले. स्वामींचं, वसिष्ठांचं, कशाचंच चिंतन केलं नाही. झोपले!

बसल्या बसल्या, पाठ दगडाला टेकून, गाढ. जागी झाले तेव्हा माझं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि आमच्या ग्रुपपैकी आत कुणीच नव्हतं. पाऊण तास झाला होता. बाहेर गाडी थांबलेली, गाइड वैतागलेला. आईने त्याला दोनदा हाताने परतवून लावलं होतं. तिचा खांदा पार आखडला होता.

"उठवायचं ना मग," मी म्हटलं.

"दीड वाजता गाडीवर झोपतेस. इथे तरी झोप की," ती म्हणाली. पहिल्या दिवसानंतर तो विषय तिने तेव्हा पहिल्यांदा काढला. आणि मग पायऱ्या चढताना, धापा टाकत, बाकीचं सगळं बोलली. किती वाजता फोन केला तरी 'कामात आहे' म्हणतेस. खोटं बोलायला कधी शिकलीस. तुझ्या त्या नोकरीचं आम्ही कौतुक सांगत फिरतो, आमचंच चुकलं. मी काय बोलणार? मागून गुपचूप चढत होते.

संध्याकाळी वैद्यबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात झोपेवर विचार आहे. रात्रीच्या जागरणाने शरीरात रुक्षता येते, दिवसा आडवं होऊन झोपल्याने स्निग्धता वाढते, आणि बसल्या बसल्या काढलेली डुलकी या दोन्ही दोषांतून सुटते, असं तिथे म्हटलंय. म्हणजे ऑफिसच्या खुर्चीतली डुलकी शास्त्राला मान्य! बॉसला दाखवायला हे उपयोगी पडेल. फक्त रात्रीची झोप मिळाल्यावरच, असं बाईंनी लगेच बजावलं.

आठव्या दिवशी देवप्रयाग. सत्तर किलोमीटरचा घाटरस्ता, आईला दोनदा उलटी. एका बाजूने खळाळत भागीरथी, दुसऱ्या बाजूने त्या मानाने शांत अलकनंदा, दोघींचे रंग वेगळे. इथून पुढे नाव गंगा. पाण्याला ओढ एवढी की स्नानासाठी साखळ्या धरायला लावल्यात. आईने एका हाताने साखळी धरली, दुसऱ्या हाताने माझं मनगट, आणि तीन डुबक्या मारल्या. माझ्यासाठी काय मागितलं ते सांगितलं नाही.

पुण्यात परत

परत आल्यावर आठ दिवस मी साडेदहाला झोपत होते. मग रिलीज आलं आणि गाडी पुन्हा रुळावरून घसरली. तेलाने, काढ्याने माझ्यात कायमचा काही बदल झाला असं मी म्हणणार नाही. दहा दिवस सलग सात तास झोपले की काय वाटतं, ते मात्र मला आठवलं. हे कॉलेजनंतर विसरूनच गेले होते.

मॅनेजरशी बोलायचा धीर यायला अजून आठवडा गेला. स्कूटरचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की त्याचंही गेल्या वर्षी एकदा एक्स्प्रेस वेवर असंच झालं होतं. आता रात्रीचा कॉल आम्ही चौघं वाटून घेतो. माझ्या वाट्याला आठवड्यात दोन रात्री, आणि त्या दिवशी स्कूटर घरी. ऑफिसची कॅब आधीही होतीच. बाकीच्यांसाठी पाऊण तास थांबावं लागतं म्हणून मी घेत नव्हते.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंगआधी वैद्यांशी फोनवर बोला, आयुर्वेदाची पदवी विचारा, आपल्या गोळ्या आणि रिपोर्ट बरोबर ठेवा. 'सात दिवसांत सगळं बरं' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि जमलं तर आईला न्या. मेतकुटासकट.

आईने एक नवीन पद्धत काढलीय. रोज रात्री पावणेअकराला मिस्ड कॉल, एकच रिंग. माझा फोन स्वयंपाकघरात असतो, झोपले असेन तर ऐकू येत नाही. उचलला तर मी जागी आहे हे तिला कळतं आणि मग माझी खैर नसते. परवा उचलला. पलीकडून बाबा बोलले, "अगं, ती झोपलीय. आज ड्यूटी माझी आहे."