नवेगाव बांध : काठावर उतरण्याआधी

कुठे? गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. 1 मे 1999 पूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता.

कोणी बांधला? तलाव नैसर्गिक वाटतो, पण तो माणसांनी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी पाळ घालून अडवल्या, अशी परंपरा सांगते. पाण्याभोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सातबहिणी’ म्हणतात. कोलू पाटलांना पुढे गावाने देवपण दिले. आजही ते कोलासुर म्हणून पुजले जातात.

दोन नावे, दोन गोष्टी
• राष्ट्रीय उद्यान : 1975, सुमारे 134 चौरस किलोमीटर.
• नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प : डिसेंबर 2013. नवेगावचे उद्यान व अभयारण्य, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका या पाचांचा मिळून.

काठावरच्या बागेत पायी फिरता येते. जंगल सफारीचे तसे नाही : तिथे वनविभागाचा परवाना व वाहन लागते, पावसाळ्यात सफारी बंद असते.

पाहण्याजोगे : हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी स्थलांतरित बदके. पट्टकादंब ओळखायला सोपा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात. सारस मात्र तलावापेक्षा धानाच्या बांध्यांत शोधावा. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच, आणि महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा गोंदिया जिल्हाच.

वाचण्याजोगे : ‘नवेगाव बांधचे दिवस’. लेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) इथे वनाधिकारी होते.