सॅव्हाना: गवत, वणवा आणि चरणारी जनावरे

पृथ्वीच्या नकाशावर हवामान आणि वनस्पती यांची सांगड घालण्याची शालेय पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. विषुववृत्तालगत बारमाही पावसाची सदाहरित वर्षावने, त्यांच्या दोन्ही बाजूंना कर्कवृत्त व मकरवृत्ताच्या आसपास वाळवंटे, उत्तरेच्या थंड पट्ट्यात सूचिपर्णी वृक्षांचा तैगा आणि त्याही पलीकडे, जिथे जमिनीचा खालचा थर वर्षभर गोठलेला असतो तिथे, वृक्षहीन टुंड्रा असा हा क्रम असतो. सारखे हवामान, सारख्या ठेवणीच्या वनस्पती आणि त्यांच्याशी जुळवून घेतलेले प्राणी असलेल्या अशा विस्तीर्ण पट्ट्याला जीवसंहती किंवा बायोम म्हणतात. वर्षावने, वाळवंटे आणि टुंड्रा यांच्याबाबत तापमान आणि पर्जन्य हे दोन आकडे कळले की तिथे काय उगवत असेल याचा अंदाज बहुधा बरोबर येतो. सॅव्हानाच्या बाबतीत मात्र तो वारंवार चुकतो, आणि तो का चुकतो हे शोधता शोधता गेल्या काही दशकांत परिसंस्थाशास्त्राच्या काही जुन्या समजुती बाजूला ठेवाव्या लागल्या आहेत.

जगभर वापरात असलेले हवामानाचे वर्गीकरण व्लादिमिर कोपेन यांनी १८८४ पासून टप्प्याटप्प्याने मांडले. कोपेन यांचे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे असल्याने त्यांनी हवामानाच्या सीमा ठरवताना वनस्पतींच्या सीमांचा आधार घेतला आणि उष्ण, पण कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशाच्या हवामानाला सॅव्हानाचेच नाव दिले. या वर्गीकरणाचे सूत्र काटेकोरपणे लावले तर मुंबई सॅव्हाना हवामानात मोडते, कारण तिथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला तरी हिवाळा आणि उन्हाळा जवळजवळ कोरडे जातात. सोलापूर मात्र निमशुष्क गटात जाते. प्रत्यक्षात मुंबईलगतच्या डोंगरांवर दाट पानझडी व निमसदाहरित जंगल आहे आणि अस्सल सॅव्हाना सोलापूरच्या माळावर आहे. हवामानाचे नाव आणि जमिनीवरचे वास्तव यांच्यात असलेले हे अंतर केवळ नामकरणाच्या गोंधळातून आलेले नाही.

सलग पसरलेले गवत आणि त्यात विखुरलेली, एकमेकांना न भिडणारी झाडे ही सॅव्हानाची साधी व्याख्या होय. जंगलात झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळून छत तयार होते आणि त्या सावलीत उन्हाची भूक असलेले गवत टिकत नाही. सॅव्हानात हे छत कधीच पुरे होत नाही. आफ्रिकेचा मोठा भाग, ब्राझीलचे सेराडो पठार, व्हेनेझुएला आणि कोलंबियातील यानोस, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि भारतीय द्वीपकल्पाचा अंतर्भाग मिळून जगाच्या जमिनीचा सुमारे एक पंचमांश हिस्सा या जीवसंहतीने व्यापला आहे. सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो तसा विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टाही सरकतो, त्यामुळे या प्रदेशांत काही महिने भरपूर पाऊस आणि उरलेले महिने कोरडे अशी वर्षाची फाळणी होते. पावसाळ्यात गवत पुरुषभर वाढते आणि कोरड्या ऋतूत त्याचेच सरपण होते.

अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात तापमान आणि पर्जन्य यांच्या आलेखावर जगातील जीवसंहती मांडल्या, तेव्हा त्या आलेखाच्या मधोमध त्यांना एक मोठा भाग तुटक रेषेने वेगळा काढावा लागला. या भागात जंगल असेल, झुडपे असतील की गवत, हे हवामान एकटे ठरवू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता. पुढे महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये या प्रश्नाला बरेच नेमके उत्तर दिले. वार्षिक पाऊस साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर झाडांची दाटी पाण्याअभावीच मर्यादित राहते. त्याहून अधिक पाऊस असेल तर जंगल होण्याइतके पाणी उपलब्ध असते आणि तरीही गवत टिकून असेल, तर झाडांना कोणीतरी सतत रोखत असले पाहिजे. रोखणारे घटक मुख्यतः दोन आहेत, वणवा आणि चरणारी जनावरे.

वणवा गवताला मारत नाही, यामागे गवताच्या शरीररचनेचे कारण आहे. गवताचे वाढीचे टोक जमिनीलगत किंवा जमिनीखाली असते आणि आग वेगाने वरून निघून जात असल्याने काही सेंटिमीटर खोलीवरची माती फारशी तापत नाही, त्यामुळे पुढच्या पावसात तेच ठोंब पुन्हा फुटतात. रोपट्याच्या वाढीची टोके मात्र नेमकी ज्वालांच्या उंचीवर असतात. ते जळून जाते, मुळापासून पुन्हा फुटते आणि पुन्हा जळते. अशी कित्येक रोपे वर्षानुवर्षे गवताच्याच उंचीची राहतात, आणि दोन वणव्यांमध्ये पुरेसे अंतर पडून ज्यांची उंची ज्वालांच्या पलीकडे जाते तेवढीच झाडे होतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही तुकडे ठरावीक अंतराने जाळले जातात आणि काही आगीपासून पूर्णपणे जपले जातात. जपलेल्या तुकड्यांत, विशेषतः जास्त पावसाच्या भागात, झाडोरा ठळकपणे दाट झाला आहे.

या गवतांचे वय लक्षात घेतले तर जंगलतोडीतून सॅव्हाना निर्माण झाला ही समजूत टिकत नाही. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते प्रकाशसंश्लेषणाची सी-फोर नावाची पद्धत वापरतात; तिच्यात पान कार्बन डायऑक्साइड आधी एका जागी साठवून मग त्याचे अन्न बनवते, त्यामुळे हवेत हा वायू कमी असताना आणि ऊन तीव्र असताना ही गवते झाडांपेक्षा सरस ठरतात. सी-फोर वनस्पतींची कार्बनच्या समस्थानिकांतून उमटणारी खूण मातीत आणि ती खाणाऱ्या प्राण्यांच्या दातांत लाखो वर्षे टिकते. शिवालिक टेकड्यांच्या थरांत आणि पाकिस्तानातील पोटवार पठारावर ती सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीपासून ठळक दिसू लागते. दख्खनमध्ये शेतीची गावे वसली ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधी गवत आलेले होते.

दुसऱ्या घटकाचा, म्हणजे चरणाऱ्या जनावरांचा, प्रभाव किती खोलवर जातो हे टांझानियातील सेरेंगेटीइतके स्पष्ट अन्यत्र कुठेही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत बुळकांडीची साथ शिरली आणि तिने गुरांची व त्यांच्या जातकुळीतील वन्य प्राण्यांची अपरिमित हानी केली; गुरांवर जगणारे पशुपालक समाज उपासमारीने कोलमडले. त्यानंतर विल्डबीस्ट या कुरंगवर्गीय प्राण्याची संख्या रोगामुळे दीर्घकाळ दबलेली राहिली. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली जाऊ लागल्यावर १९६० च्या दशकात हा रोग विल्डबीस्टमधून नाहीसा झाला आणि त्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत सुमारे तेरा लाखांवर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्याला जळण उरले नाही, जळणारे क्षेत्र घटले आणि पुढच्या दशकांत सेरेंगेटीत झाडे वाढली. गुरांना टोचलेल्या लशीमुळे राष्ट्रीय उद्यानातील झाडांची संख्या बदलावी, हा कार्यकारणभाव कोणत्याही पर्जन्यमापकावर दिसला नसता. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

हे कळप वर्षभर एका जागी राहत नाहीत. पावसाळ्यात ते आग्नेयेकडील आखूड गवताच्या मैदानावर उतरतात, कारण ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तिथल्या मातीतील गवत कॅल्शियम व फॉस्फरसने समृद्ध असते आणि विणाऱ्या माद्यांना त्याची गरज असते. कोरड्या ऋतूत ते उत्तरेला, केनियातील मसाई मारापर्यंत जातात. चरण्यातही एक क्रम आढळतो. झेब्रा उंच, भरड गवत आधी खातात, त्यांच्या मागून विल्डबीस्ट येतात, आणि त्यांनी खुरटलेल्या जागी फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यांवर थॉमसनचे गॅझेल हे लहान हरिण जगते. सिंह, तरस आणि चित्ते यांची गर्दी या गवतावरच उभी आहे.

ब्राझीलच्या सेराडोत असे प्रचंड कळप नाहीत. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरच्या या पठारावर पाऊस बऱ्याच ठिकाणी १५०० मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे तो जंगलाला पुरेसा आहे आणि ओढ्यांच्या काठी जंगल आहेही. पण उरलेल्या भागात आम्लधर्मी, ॲल्युमिनियमयुक्त माती आणि वणवे यांच्यामुळे झाडे खुजी, वाकडी आणि जाड सालीची राहतात. त्यांचा मोठा विस्तार जमिनीखाली असतो. दहा हजारांहून अधिक वनस्पती, लांब पायांचा आयाळवाला लांडगा आणि वाळवी खाणारा महाकाय मुंगीखाऊ यांचे हे घर नापीक म्हणून दुर्लक्षित होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने चुना मिसळून तिथली आम्लधर्मी माती सोयाबीनच्या योग्य केली आणि आज सेराडोची सुमारे निम्मी मूळ वनस्पती नाहीशी झाली आहे. ॲमेझॉनच्या जंगलातील खासगी जमिनीपैकी ८० टक्के राखण्याचे बंधन घालणारा ब्राझीलचा वनकायदा सेराडोच्या बहुतांश भागात केवळ २० टक्क्यांवर समाधान मानतो. कायद्याच्या दृष्टीनेही झाडांची दाटी हेच निसर्गाचे मोल ठरले आहे.

भारतात या दृष्टीला वनखात्याच्या इतिहासाची जोड आहे. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस पहिले वन महानिरीक्षक झाले तेव्हापासून इमारती लाकूड देणारे जंगल हाच वनव्यवस्थापनाचा मापदंड राहिला, आणि एच. जी. चॅम्पियन यांच्या १९३६ च्या व सेठ यांच्यासह १९६८ मध्ये सुधारलेल्या वनप्रकारांच्या वर्गीकरणात काटेरी झुडपे व गवत यांच्या अनेक प्रकारांना जंगलाच्या ऱ्हासाची अवस्था मानले गेले. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवतांचे स्वतंत्र वर्गीकरण केले. तरीही सरकारी नकाशांत माळरानाचे बरेच क्षेत्र पडीक जमिनीच्या रकान्यातच राहिले.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हे माळ मात्र वैराण नाहीत. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, हिवर, बोर आणि तरटी यांसारखी काटेरी झाडे, जमिनीखालच्या कंदावर उन्हाळा काढून पावसाळ्यात फुलणारी खरपुडी, आणि काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, माळढोक असे प्राणी-पक्षी यांचा हा जुना संच आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेले झाड तरटीचे आहे, हेही त्या परिसराची मूळ प्रकृती सांगणारेच आहे. धनगरांची मेंढरे आणि लांडगे या माळावर शतकानुशतके एकत्र राहिले आहेत. मेंढीपालनाला केवळ चराईचा उपद्रव मानणे सेरेंगेटीच्या अनुभवानंतर कठीण आहे. माळढोकसाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी आता देशातच दीडशेहून कमी उरला आहे. लांबवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा त्याला लागते, आणि माळावर ओळीने लावलेले गिरिपुष्प किंवा सुबाभूळ ती जागाच काढून घेतात.

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याने झाडाझुडपांना गवतापेक्षा अधिक लाभ होतो आणि दक्षिण आफ्रिकेसह अनेक सॅव्हानांत झुडपे आपोआप दाटत आहेत. त्यात आफ्रिकेत २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर भूमीवर वनाच्छादन परत आणण्याचा संकल्प २०१५ मध्ये सोडला गेला, तेव्हा त्यातील बरीच भूमी मुळात जंगल नव्हतीच, असा आक्षेप सॅव्हानाच्या अभ्यासकांनी घेतला. सॅव्हानाचा बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत असतो व तो वणव्यातही सुरक्षित राहतो, म्हणून झाडे लावून कार्बन साठवण्याचा हिशेबही इथे सरळ लागत नाही. जिथे जंगल होते तिथे ते जरूर परत आणावे. पण पावसाळ्याच्या तोंडावर एखादी संस्था, शाळा किंवा ग्रामपंचायत माळावर रोपांसाठी खड्डे खोदायला निघेल, तेव्हा तिने आधी तिथे कोणते गवत उगवते आणि कोणते पक्षी अंडी घालतात हे गावातल्या मेंढपाळाला विचारून घ्यावे, आणि उत्तर माळाच्या बाजूचे आले तर रोपे दुसरीकडे न्यावीत.