जुनी लाकडी होडी घ्यावी काय?

उरण-करंजापासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर अनेक कुटुंबांचा निर्वाह भातशेती व मासेमारी या दोहोंवर चालतो. भाताचे पीक पदरात पडून हाती थोडी शिल्लक राहिली की, आपल्या मालकीची होडी असावी असा विचार घरात निघतो. नवी होडी बांधविणे महाग पडते. म्हणून बंदरात शाकारून ठेवलेली एखादी जुनी होडी स्वस्तात घ्यावी व दुरुस्त करून वापरावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही व सरसकट बरोबरही नाही. गेलेला पैसा कष्टाने पुन्हा मिळविता येतो; परंतु भर समुद्रात फळी निसटली तर तांडेल व खलाशी यांच्या जिवावर बेतते. यास्तव होडीची नीट पारख केल्याविना विसार देऊ नये.

लाकूड कशाने खराब होते?

होडीच्या लाकडाला मुख्यतः दोन शत्रू असतात. पहिला शत्रू पाण्याखाली असतो. लाकूड पोखरणारी ही समुद्री कीड दिसावयास अळीसारखी असली, तरी ती वास्तविक तिसऱ्या-शिंपल्यांच्या कुळातील आहे. अगदी लहान असताना ती लाकडात शिरते. त्यामुळे बाहेरून टाचणीच्या टोकाएवढेच छिद्र दिसते. आत मात्र ती वाढत जाते व बोटाएवढी जाड भुयारे पाडते. या किडीला खारे पाणी लागते. म्हणून खाडीच्या मुखाशी बारमाही तरंगत राहणाऱ्या होडीस तिचा उपद्रव अधिक होतो व वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून वाळविलेल्या होडीस कमी होतो.

दुसरा शत्रू म्हणजे बुरशीमुळे होणारी कूज. ही पावसाच्या गोड्या पाण्याने होते. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लाकडापेक्षा पावसाचे पाणी साचून राहिलेले लाकूड लवकर कुजते. म्हणून कूज बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर, तक्तपोशीखाली, काठाच्या सांध्यांत व वारा न लागणाऱ्या कोपऱ्यांत आढळते. थोडक्यात, कीड खाली शोधावी व कूज वर शोधावी.

याखेरीज लोखंडी खिळ्यांचा गंज हेही एक कारण आहे. गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत होते. अशा लाकडात नवा खिळा ठोकला तरी तो धरत नाही.

होडी कशी पारखावी?

होडी पाण्यात असताना पाहून सौदा करू नये. ती किनाऱ्यावर ओढलेली, रिकामी व कोरडी असावी. नुकताच डांबर किंवा रंग लावलेला असल्यास विशेष सावध राहावे. होडी बांधणारा जाणता मेस्त्री सोबत घ्यावा. मात्र तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

प्रथम पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, पाहावे. नंतर नाळ व आतील बाकदार फासळ्या पाहाव्यात. लहान हातोडीने हातहातभर अंतरावर ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते. पोखरलेले लाकूड बद्द वाजते. जेथे शंका येईल तेथे अणकुचीदार टोचा दाबून पाहावा. तो सहज आत गेल्यास लाकूड गेले असे समजावे. ज्या जागी टोचा मारण्यास मालक हरकत घेईल, ती जागा मुद्दाम तपासावी. चार-सहा खिळे काढून पाहण्याचीही परवानगी मागावी.

फळ्या व सांधे यांतील दोष दुरुस्त होण्याजोगे असतात. सांध्यांतील कापूस काढून नवा भरता येतो. खराब फळी बदलता येते. परंतु पठाण व बहुसंख्य फासळ्या निकामी असतील, तर ती दुरुस्ती राहत नाही. ते जुन्या होडीच्या नावाखाली नवी होडी बांधणे होय. असा व्यवहार किंमत कितीही कमी असली तरी करू नये.

ओलसर जुन्या लाकडावर फायबरचा थर चढविला की होडी नवी होते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ओल्या लाकडास हा थर नीट चिकटत नाही व आतील कूज झाकली जाऊन वाढतच राहते.

खर्चाचा हिशेब

चांगले सागवान दीर्घकाळ टिकते, यात संशय नाही. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. परंतु तिच्या जीर्णोद्धाराचे काम १९९० साली सुरू होऊन २००१ साली पुरे झाले. असा खर्च व वेळ संग्रहालयास परवडतो. मिळकतीसाठी होडी चालविणाऱ्या कुटुंबास परवडत नाही.

म्हणून किमतीकडे न पाहता वर्षाला पडणारा खर्च काढावा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, जुनी होडी ८०,००० रुपयांस मिळते. पठाण शाबूत असून दुरुस्तीस ४०,००० रुपये लागले व ती ६ वर्षे चालली, तर वर्षास २०,००० रुपये पडले. तीच होडी दुरुस्तीस १,२०,००० रुपये खाऊन ५ वर्षे चालली, तर वर्षास ४०,००० रुपये पडले. नवी होडी ४,५०,००० रुपयांची असून १५ वर्षे चालणारी असेल, तर तिचा खर्च वर्षास ३०,००० रुपये येतो. म्हणजे पहिल्या प्रकारात जुनी होडी स्वस्त, तर दुसऱ्या प्रकारात नवी होडी स्वस्त ठरते. यात इंजिनाची दुरुस्ती, कर्जाचे व्याज व होडी बंद राहिल्याने बुडणारे दिवसही धरावेत. फळ्या उघडल्यावर नवे दोष हमखास निघतात. त्याकरिता थोडी रक्कम वेगळी ठेवावी.

कागदपत्रे

मासेमारी नौकेस महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये परवाना लागतो. नोंदणी कोणाच्या नावे आहे, परवाना चालू आहे काय व तो आपल्या नावे होऊ शकेल काय, याची चौकशी अलिबाग येथील मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आधी करावी. होडीवर संस्थेचे वा बँकेचे कर्ज थकलेले नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

ग्रामसेवकांनी अशा व्यवहाराची वार्ता कानी येताच संबंधित कुटुंबास या गोष्टी समजावून द्याव्यात. पठाण शाबूत, हिशेब अनुकूल व कागद स्वच्छ, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर जुनी होडी जरूर घ्यावी. तिन्हींपैकी एक जरी उणी असली, तरी शिल्लक पैसा राखून ठेवावा व पुढील हंगामाची वाट पाहावी.