आधी ऐकून घ्या: येडशीतला एक प्रशिक्षणाचा दिवस

सकाळी ६
समलैंगिक आणि तृतीयपंथी मुलांशी गावातल्या कार्यकर्त्यांनी कसं बोलावं, याचं आजचं प्रशिक्षण येडशीत आहे. पिशवी रात्रीच भरली होती, तरी निघण्याआधी एकदा उघडून बघते. तक्ते, स्केचपेन, कोऱ्या चिठ्ठ्या आणि बिंदुमाधव खिरे यांचं ‘इंद्रधनू’. खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलैंगिकतेवर मराठीत सातत्यानं लिहिलं. या विषयावर मराठी पुस्तक सोबत असलं की मोठा आधार होतो. नाहीतर ‘हे सगळं मुंबई-पुण्याकडचं’ म्हणून लोक मोकळे होतात.

सकाळी ८
धाराशिवहून येडशी वीसेक किलोमीटर. एसटी शाळा-कॉलेजच्या पोरांनी भरलेली. सोलापूर–धुळे महामार्ग, बार्शी–लातूर रस्ता आणि लातूर–मिरज रेल्वे, तिन्ही येडशीला भेटतात, त्यामुळे इथून बाहेर पडणं अवघड नाही. बारावीच्या क्लाससाठी लातूर, नोकरीसाठी पुणे. आपण चारचौघांसारखे नाही हे ज्याला उमगलंय, ते लेकरूही एक दिवस याच वाटेनं जातं. पण मनात पहिली खळबळ उठते ती बाराव्या-तेराव्या वर्षी, आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याला गावातच काढायची असतात. आमचं प्रशिक्षण त्या वर्षांसाठी आहे.

सकाळी १०
खुर्च्या गोलात मांडल्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, दोन शिक्षिका, वसतिगृहाचे एक गृहपाल, एक समुपदेशक आणि समाजकार्य शिकणारे काही विद्यार्थी. टाटा समाज विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं आवार १९८६पासून याच जिल्ह्यात आहे. समाजकार्याचं शिक्षण इथं नवं नाही. ते चारचौघांपेक्षा वेगळ्या मुलांपर्यंत पोचवायचं काम बाकी आहे.

ओळखी झाल्या आणि पहिला आवाज आला, “आपल्याकडं नाही ओ ताई असलं काही.” त्यावर एका वयस्कर सेविकेनं विचारलं, “का? यल्लम्माचे जोगते कधी बघितले नाहीत का?” खोली गप्प झाली, मग बोलू लागली. देवीला वाहिलेल्या, साडी नेसून परडी घेतलेल्या जोगत्याच्या पाया आपण पडतो. पण दहावीतल्या ज्या मुलाला परडी नको, इंजिनिअर व्हायचंय, घरातच राहायचंय, त्याच्यासाठी आपण काय जागा ठेवली आहे? दिवसभराचं काम या प्रश्नानंच सुरू झालं.

सकाळी ११
तक्त्यावर तीन गोष्टी वेगळ्या लिहिते: शरीर कसं आहे, मन स्वतःला मुलगा मानतं की मुलगी की दोन्हींपेक्षा वेगळं, आणि ओढ कुणाविषयी वाटते. या तिन्हींची गल्लत झाली की सल्लाही चुकतो. बायकी चालीचा प्रत्येक मुलगा समलैंगिक नसतो आणि प्रत्येक समलैंगिक मुलगा बायकी चालीचा नसतो. मुलींचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘मैत्रिणी आहेत’ म्हणून विषय संपतो आणि स्थळं बघायला सुरुवात होते.

“पण हा आजार नाही का?” हा प्रश्न येतोच. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७मध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘साथिया’ हे साहित्य काढलं. या वयात मुलाला मुलाविषयी किंवा मुलीला मुलीविषयी आकर्षण वाटू शकतं आणि त्यात वावगं काही नाही, असं त्यात सरकारनंच म्हटलं आहे. हे ऐकल्यावर आशाताईंचे खांदे सैल होतात. आपण काही चोरून शिकत नाही आहोत, हे त्यांना कळतं.

दुपारी १२
कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या नालसा निकालानं तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मात्र समलैंगिक जोडप्यांच्या विवाहाला मान्यता मिळाली नाही. तेही सांगते. अर्धं सांगितलं तर पोरांची फसगत होते.

मग मद्रास उच्च न्यायालयाची हकीकत. २०२१ साली मदुराईच्या दोन तरुणींचं प्रकरण न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढं आलं. आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही, हे ओळखून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले आणि त्यानंतर निकाल दिला. पोलीस, शिक्षक, डॉक्टर यांना प्रशिक्षण द्या, असं त्या निकालात सांगितलं. पुढं २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ‘बरं करण्याचे’ तथाकथित उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. न्यायाधीश शिकायला बसू शकतात, तर आपल्याला कसला कमीपणा?

दुपारी १:३०
भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. एक ताई ताट घेऊन शेजारी येतात. “शेजारच्या गावातलं सांगते हं, आमच्यातलं नाही,” म्हणून सुरू करतात. मी कुणाचं, कुठलं हे विचारत नाही. फक्त ऐकते.

दुपारी २:३०
आता प्रसंग करून बघायचे. एक जण सोळा वर्षांचा मुलगा होतो, दुसरी आशाताई. मुलगा अडखळत सांगतो. उत्तरं येतात, “वय आहे, जाईल.” “लग्न झालं की सुधारशील.” “थांब, तुझ्या आईशी बोलते.” प्रत्येक उत्तर मायेपोटी दिलेलं आणि प्रत्येक घातक. सक्तीच्या लग्नात त्या मुलाबरोबर एका निरपराध मुलीचाही जन्म वाया जातो. आणि त्याला न विचारता आईला सांगितलं तर संध्याकाळी मार बसू शकतो, शाळा सुटू शकते.

मग पुन्हा, नव्यानं करायचं. पहिलं वाक्य, “सांगितलंस, बरं केलंस.” नंतर शांतपणे विचारायचं: घरी कुणी मारतं का? शाळेत छळ होतो का? जीव नकोसा वाटतो का? तुझा विश्वास असलेलं घरात कोण आहे?

इथं गृहपाल अडचण सांगतात, “शहरातला समुपदेशक परका असतो. इथं आशाताई म्हणजे त्याची चुलती, सेविका म्हणजे मामी.” हीच आमच्या कामातली खरी कसोटी. गावात कार्यकर्ती नात्यातलीच असते. म्हणून माहितीपेक्षाही आधी शिकायचं ते गोष्ट पोटात ठेवायला. हळदी-कुंकवात नाही, भजनात नाही, नवऱ्याजवळही नाही.

दुपारी ३:४५
पण सगळंच पोटात ठेवता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. मनातली ओढ गुन्हा नाही, अत्याचार गुन्हा आहे. हा फरक पक्का हवा. जिवाला धोका असेल तरी गप्प बसायचं नाही. ही मर्यादा मुलाला आधीच सांगायची, म्हणजे विश्वासघात होत नाही.

फळ्यावर वाटा लिहून घेतो: मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, मुलांच्या मदतीसाठी १०९८, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालय. नुसता नंबर हातात ठेवून मोकळं व्हायचं नाही. त्याला हवं असेल तर पहिल्यांदा सोबत जायचं.

सायंकाळी ५
नाव न लिहिलेल्या चिठ्ठ्या. “बाहेरची बाधा असते का?” “मुलं एकमेकांचं बघून असं होतात का?” दोन्हींचं उत्तर नाही, आणि ते कारणांसह देते. शेवटची चिठ्ठी, “माझंच लेकरू असं असलं तर?” ते कालही तुमचं होतं, आजही तुमचंच आहे, त्यानं फक्त स्वतःबद्दल एक खरी गोष्ट तुम्हाला सांगितली. तिला पचवायला तुम्हाला वेळ लागेल, तो घ्या. तोवर त्याचं ताट, अंथरूण आणि शाळा यांत फरक पडू देऊ नका.

रात्री ८
परतल्यावर नोंदी. एका दिवसात वर्षानुवर्षांची समजूत बदलत नाही. पुढच्या महिन्यात हाच गट पुन्हा बसवायचा. मधल्या काळात कुणाकडे कोण आलं, काय अडलं, नावं न घेता बोलायचं. असं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक वसतिगृहात नेमानं व्हायला हवं, आणि ते कुणा एकीच्या हौसेवर न सोडता सरकारी आराखड्यात असायला हवं.

तुम्ही शिक्षक असाल, सेविका असाल किंवा कुणाची मावशी असाल. कधीतरी एखादं लेकरू तुमच्याकडेही येईल. त्या वेळी उपदेश करू नका, गावभर करू नका. आधी ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच्याशी पूर्वीसारखंच बोला.