खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून रस्त्यावर

हृदय आणि फुप्फुसाच्या आजारावर माणसाला चालवणे हा उपचार आहे, ही गोष्ट आज फारशी कुणाला खटकत नाही. डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो आणि घरी आल्यावर वडिलांना पलंगावर बसवून पाण्याचा तांब्याही हातात देतो. ‘जपायला हवं’ हा आपला शब्द. तो मायेचा आहे यात शंका नाही. पण या मायेमागे एक जुना वैद्यकीय सिद्धान्त उभा आहे आणि तो सिद्धान्त वैद्यकशास्त्राने स्वतः केव्हाच सोडून दिलेला आहे. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके चाळण्याच्या नादातून या सिद्धान्ताचा जन्म आणि अस्त मला जसा दिसला, तसा इथे मांडतो आहे.

गंमत अशी की सुरुवात बरोबर झाली होती. छातीत कळ येण्याच्या विकाराचे, म्हणजे अंजायनाचे, पहिले नेटके वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात केले. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांमध्ये एका रुग्णाचा ओझरता उल्लेख आहे. या गृहस्थाने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचे काम स्वतःवर लादून घेतले आणि तो जवळजवळ बरा झाला. हेबर्डन यांनी हे एका वाक्यात सांगितले आणि ते पुढे गेले. त्यांच्यामागून आलेल्या वैद्यकानेही त्या वाक्याकडे पाहिले नाही.

विसाव्या शतकात हृदयविकाराच्या झटक्याचे निदान जिवंत माणसात होऊ लागले. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवले की हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी माणूस लगेच मरतोच असे नाही. मग प्रश्न आला, वाचलेल्या माणसाचे करायचे काय? उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावरून आले. १९३९ साली बोस्टनच्या मॅलरी, व्हाइट आणि साल्सेडो-साल्गार यांनी झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू कसा भरून येतो याचा बारकाईने अभ्यास केला. मेलेला भाग आधी मऊ पडतो आणि त्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर हृदयावर ताण पडला तर तो मऊ भाग फुगेल किंवा फाटेल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. त्यातून नियम झाला : सहा ते आठ आठवडे संपूर्ण अंथरूण. रुग्णाने कुशीवर स्वतः वळायचे नाही, घास स्वतः घ्यायचा नाही, शौचासाठी बेडपॅन.

मोडलेले हाड प्लास्टरमध्ये ठेवतात, तसे हृदय खाटेवर ठेवायचे, असा हा तर्क. त्यातली खोच एवढीच की हृदयाला प्लास्टर घालता येत नाही. माणूस आडवा पडला तरी हृदय मिनिटाला साठ-सत्तर वेळा आकुंचन पावतच असते. उलट आडवे पडल्यावर पायांतले रक्त छातीकडे येते आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पेलावे लागते. इकडे निपचित पायांत गुठळ्या होतात, त्यातली एखादी सुटून फुप्फुसात अडकते आणि झटक्यातून वाचलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात अचानक जातो. फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो. बद्धकोष्ठ आणि कुंथणे वेगळेच. खिन्नतेचे तर तेव्हा कुणी मोजमापही केले नाही.

बेडपॅनचे मात्र झाले. १९५० साली हॉवर्ड रस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडपॅनवर आणि खाटेशेजारच्या कमोडवर रुग्णाची किती शक्ती खर्च होते हे मोजले. कमोडवर कमी श्रम पडतात असे निघाले. आजारी माणसाची सेवा केलेल्या कोणत्याही बाईने हे न मोजता सांगितले असते. पण वैद्यकात आकडा लागतो.

त्याच सुमारास बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. पाय खाली, पाठ टेकलेली. आज हे वाचताना वाटते, यात बंडखोरी ती काय? पण रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टरांना हे रुग्णांवरचे अघोरी प्रयोग वाटले. ते आपल्याला नाझी सलाम ठोकून हिणवत, अशी आठवण लाऊन यांनी पुढे लिहिली. ते स्वतः लिथुएनियातून आलेले ज्यू होते, हे लक्षात घेतले की त्या सलामाची धार कळते. १९५२ साली ८१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. खुर्चीने कुणाचे हृदय फाटले नव्हते आणि रुग्णांची मनःस्थितीही उजळली होती.

तीन वर्षांनी ही खुर्ची जगाच्या पहिल्या पानावर आली. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. सल्ल्यासाठी बोलावलेले डॉक्टर होते पॉल डडली व्हाइट, म्हणजे १९३९ च्या त्या अभ्यासातलेच व्हाइट. ज्या संशोधनाचा आधार घेऊन लोकांना खाटेला खिळवले गेले, त्याच्या एका कर्त्याने अध्यक्षांना दोन आठवड्यांच्या आसपास खुर्चीत बसवले आणि पुढे हळूहळू चालवले. पत्रकार परिषदेत त्यांनी अध्यक्षांना शौचास व्यवस्थित झाल्याचेही सांगितले. वार्ताहर अवघडले, पण वर सांगितलेला बेडपॅनचा इतिहास माहीत असणाऱ्याला ती बातमी महत्त्वाचीच वाटेल. पुढच्या वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. व्हाइट स्वतः म्हातारपणीही सायकल चालवत.

तोवर लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली होती. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. हा लेख १९५३ चा. बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर तिकिटे फाडणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यावर वेगळे भाष्य नको.

तरीही विश्रांतीच्या सिद्धान्ताला खरा धक्का बसला तो निरोगी माणसांकडून. १९६६ साली टेक्सासमधल्या डॅलसला वीस वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. जास्तीत जास्त श्रम करताना शरीर किती प्राणवायू वापरू शकते, हा दमाच्या ताकदीचा सर्वांत भरवशाचा आकडा. तो तीन आठवड्यांत सुमारे २७ टक्क्यांनी उतरला. नंतरच्या व्यायामाने तो भरून आला. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना शोधून पुन्हा मोजले, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. कोणताही आजार नसलेल्या तरुणाची ही अवस्था. मग साठीच्या, आधीच अशक्त माणसाचे काय, हा हिशेब वाचकांनीच करावा.

फुप्फुसाची कथा जरा वेगळ्या वाटेने गेली. तिथे विश्रांतीचे मंदिर म्हणजे क्षयाचे सॅनेटोरियम. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज ही नावे जुन्या पिढीला याच संदर्भात आठवतील. लांब व्हरांडे, ओळीने खाटा, थंड हवा, दूध-अंडी आणि पडून राहणे. पण त्या काळातही इंग्लंडमध्ये फ्रिमली इथल्या सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन यांनी १९०५ पासून रुग्णांना पायरीपायरीने काम दिले. आधी चालणे, मग टोपल्या वाहणे, मग फावडे, शेवटी कुदळ. ताप चढला की काम बंद. त्यांच्या उपपत्तीतले बरेच काही नंतर टिकले नाही. क्षय अखेर औषधांनीच हटला. पण ‘किती काम’ हे औषधाच्या मात्रेसारखे ठरवायचे, ही पॅटरसन यांची दृष्टी आजच्या फिजिओथेरपीचा कणा आहे.

आज प्रश्न क्षयापेक्षा सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या माणसांचा. यात विडी-सिगारेट ओढणारे पुरुष आहेत, तशाच आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला हातही न लावलेल्या बायका आहेत. या आजारात हवा आत जाते पण वेळेत बाहेर पडत नाही. चालू लागले की श्वास भराभर होतो, आधीची हवा सुटायच्या आत नवी येते, छाती भरलेल्या पोत्यासारखी ताठ होते. रुग्णाला वाटते श्वास ‘घेता’ येत नाही. अडचण प्रत्यक्षात श्वास ‘सोडण्याची’ असते. म्हणून फिजिओथेरपिस्ट पहिला धडा देतात तो ओठांचा चंबू करून, दिवा न विझवता फक्त ज्योत हलवावी अशा बेताने, लांब श्वास सोडण्याचा. त्याने श्वासनलिका आतून थोड्या दाबाखाली राहतात, लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा सुटते.

पण चंबूपेक्षा मोठे काम पायांचे आहे, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो. चालणे टाळल्याने मांड्या-पोटऱ्या सुकतात. सुकलेला स्नायू थोड्याशा श्रमातही आम्ल तयार करतो, ते निकामी करायला जास्त श्वास लागतो; म्हणजे धाप आणखी वाढते. मग माणूस बाजारात जाणे सोडतो, मग जिना, मग अंगण आणि शेवटी न्हाणीघरापर्यंतही कुणाचा तरी हात लागतो. व्यायाम हे चक्र पायांच्या बाजूने तोडतो. सहा-आठ आठवडे नीट व्यायाम केलेल्या रुग्णाची फुंकण्याची चाचणी पुन्हा केली तर आकडा जवळपास तोच येतो. फुप्फुस होते तसेच आहे, तरी माणूस जास्त चालतो आणि कमी धापतो. ‘रिपोर्टमध्ये काही फरक नाही’ म्हणून घरचे लोक व्यायाम थांबवतात, तेव्हा ते चुकीच्या अवयवाचा रिपोर्ट वाचत असतात.

याचा पुरावा आता इतका आहे की २०१५ साली कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ६५ चाचण्या एकत्र मांडल्यानंतर, सीओपीडीत व्यायामाचा उपयोग होतो की नाही हे ठरवण्यासाठी आणखी चाचण्यांची गरज उरली नाही, असे म्हणून तो विषयच बंद केला. हृदयाच्या बाबतीत २०१६ च्या आढाव्यात ६३ चाचण्या होत्या. व्यायामाधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले. एखाद्या गोळीने एवढे केले असते तर तिची जाहिरात प्रत्येक दवाखान्यात लागली असती.

कफ काढण्याच्या तंत्राबद्दल थोडे. पूर्वी डोके खाली, पाय वर करून पाठीवर थापट्या मारत. आता बहुतेकांना बसूनच शिकवतात : काही शांत श्वास, काही खोल श्वास, मग तोंड उघडे ठेवून आरशावर वाफ धरावी तसा जोरकस ‘हाऽऽ’. कोरड्या खोकल्याच्या उबळीने श्वासनलिका मिटतात, या ‘हाऽऽ’ने कफ वर सरकतो आणि माणूस थकत नाही. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात ही पद्धत घडली, घडवली ती मुख्यतः फिजिओथेरपिस्ट स्त्रियांनी.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाले. पोलिओचा तो काळ. म्हणून असेल, पण फिजिओथेरपिस्ट म्हणजे हातपाय आणि गुडघे हे समीकरण आपल्या डोक्यात जे बसले ते अजून हलत नाही. अँजिओप्लास्टीला लाखभर रुपये भरणारे घर पुढच्या बारा आठवड्यांच्या व्यायामाला ‘ते काय, सकाळी बागेत जातील’ म्हणते. बागेत जाणे चांगलेच. पण कुणाला किती, हे ठरवायला माणूस लागतो. विश्रांतीतही छातीत दुखत असेल, ताप असेल, हृदयाची गती बेताल असेल, पायांवर नवी सूज असेल तर व्यायाम थांबवायचा असतो. इतरांसाठी साधे माप असे की चालताना बोलता यावे, गाता येऊ नये. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी याचीच मोजपट्टी केली : श्रम किती वाटतात ते रुग्णाने ६ ते २० मध्ये सांगायचे. हा विचित्र पल्ला अशासाठी की त्याची दहापट केली तर निरोगी तरुणात साधारण नाडीचा आकडा येतो. यंत्राऐवजी रुग्णाला काय वाटते ते विचारणारी ही पट्टी मला फार सभ्य वाटते.

प्रगती मोजायची चाचणीही तितकीच साधी. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, हातात घड्याळ. सहा मिनिटांत जमेल तेवढे चालायचे. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायला परवानगी असते, घड्याळ मात्र थांबत नाही. तपासणाऱ्याने बरोबरीने चालायचे नाही, नाहीतर रुग्ण त्याच्या वेगाने चालू लागतो. फुप्फुसाच्या जुनाट आजारात या अंतरात सुमारे ३० मीटरची भर पडली, तर ती रुग्णाच्या रोजच्या जगण्यात जाणवण्याइतकी मानतात. म्हणजे त्या कॉरिडॉरची एक जास्तीची फेरी. चाळीत राहणाऱ्याला विचारा, कोपऱ्यातल्या खोलीपासून सामाईक नळापर्यंत आणि परत, साधारण तेवढेच अंतर होते.