माळ्यावरचे मिग

सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली ती जून २०२५ मध्ये. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला भारतीय हवाई दलाने चंडीगड येथे मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला. १९६३ मध्ये दाखल झालेल्या या लढाऊ विमानाचे महाराष्ट्राशी जवळचे नाते. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते परवान्याने तयार होत असे. आता माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या मिगच्या एखाद्या जुन्या किटलाही निराळेच मोल आले आहे.

अशी बहुतेक किट्स १:७२ या प्रमाणातील असतात. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो. मात्र खोक्यावर 'मिग-२१' लिहिले म्हणजे आतील विमान आपलेच असे नव्हे. या विमानाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सुरुवातीच्या आवृत्तीचे नाक निमुळते, तर नंतरच्या 'बिस'ची पाठ इंधनटाकीमुळे फुगीर. त्यामुळे छायाचित्राशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर भारतीय चिन्हे चढवू नयेत.

सुटे भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. साच्यातील तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाकलेला पंख गरम पाण्यात धरून हलकेच सरळ करता येतो. प्लॅस्टिकचा खास गोंद पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून तो अगदी थोडा लावावा आणि खिडकी उघडी ठेवूनच काम करावे. जोडणीपूर्वी नाकात थोडे वजन भरावे. नाहीतर विमान शेपटीवर बसते.

खरी कसोटी लागते ती पाण्याने चिकटवायच्या चिन्हांची. जुना कागद पिवळा पडतो आणि पाण्यात टाकताच चिन्हाचे तुकडे होतात. पिवळेपणा घालवण्यासाठी तो काही दिवस खिडकीच्या काचेवर उन्हात लावतात. त्यावर चकचकीत वॉर्निशचा पातळ थर दिला की चिन्ह फाटण्याचा धोका कमी होतो. आधी एक बिनमहत्त्वाचे चिन्ह भिजवून पाहावे, कारण तिरंगी वर्तुळ फाटले तर दुसरे मिळणे कठीण. विमानाचा पृष्ठभागही आधी चकचकीत करावा. खडबडीत रंगावर चिन्हाखाली हवा अडकून चंदेरी डाग उमटतात.

कागदाला उपकारक ठरणारे ऊन तयार प्रतिकृतीला मात्र मारक ठरते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, धूळही कमी नाही. म्हणून काचेची पेटी थेट ऊन न येणाऱ्या भिंतीलगत ठेवावी आणि आत विमानाची आवृत्ती व सेवाकाळ लिहिलेली छोटी पाटी असावी. ओझरला घडलेले हे विमान पुढच्या पिढीला अशा पेटीतूनच ओळखीचे व्हायचे आहे. तेव्हा त्या पाटीवरचा मजकूर अचूक हवा.