मुदतीचा ताप : 'मुदत' भरण्याची वाट पाहू नका, वेळीच डॉक्टरांना दाखवा

बेळगाव : पावसाळा लागला की नळाला गढूळ पाणी येते आणि दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. त्यातला एक ताप चार-पाच दिवस झाले तरी हटत नाही. आपल्याकडे त्याला मुदतीचा ताप म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे मोतीझरा. डॉक्टरांच्या भाषेत टायफॉइड. '२१ दिवसांची मुदत भरली की आपोआप उतरतो' असे जुनी माणसे सांगतात. हाच समज जिवावर बेतू शकतो.

ताप येतो कशाने?

साल्मोनेला टायफी नावाच्या जंतूमुळे हा ताप येतो. रुग्णाच्या शौचातून जंतू बाहेर पडतो आणि दूषित पाणी, उघड्यावरचे खाणे किंवा न धुतलेले हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातो. साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप सुरू होतो. तो रोज थोडा थोडा चढतो, संध्याकाळी जास्त असतो. डोके दुखते, भूक मरते, जिभेवर पांढरा थर येतो. पोट दुखते, कुणाला शौचाला होत नाही, तर कुणाला जुलाब लागतात.

तिसरा आठवडा धोक्याचा

उपचार मिळाले नाहीत तर आतड्यात जखमा होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला छिद्र पडू शकते. मग तातडीने ऑपरेशन करावे लागते. म्हणजे 'आता मुदत संपत आली' असे घरच्यांना वाटते, तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. पोटात अचानक जोराची कळ, पोट कडक होणे, काळी शी, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

'विडाल' पुरेशी नाही

ताप तीन दिवसांहून जास्त राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. डेंग्यू, मलेरियाची सुरुवातही अशीच असते, त्यामुळे अंदाजाने औषध घेऊ नये. विडाल तपासणी स्वस्त आहे, पण पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते आणि टायफॉइड नसतानाही कधी पॉझिटिव्ह येते. ब्लड कल्चर जास्त खात्रीचे. त्यासाठी रक्त पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यावे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या की कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते.

कोर्स अर्धा सोडू नका

योग्य औषध चालू झाले तरी ताप उतरायला चार-सहा दिवस लागू शकतात. 'गुण नाही' म्हणून रोज डॉक्टर बदलू नये. ताप गेला तरी कोर्स पूर्ण करावा, नाहीतर आजार उलटू शकतो. भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या औषधांना हा जंतू आता फारसा दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. पेज, मऊ भात, वरण असे हलके खाणे चालू ठेवावे. रुग्णाला उपाशी ठेवू नये.

बरे झाल्यावरही काहींच्या पित्ताशयात जंतू राहतो. त्यामुळे खानावळीत किंवा घरी स्वयंपाक करणाऱ्यांनी साबणाने हात धुण्यात हयगय करू नये. पाणी उकळून प्यावे. सहा महिन्यांवरील मुलांना देता येणारी लस उपलब्ध आहे. अशी एक लस हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केली असून, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी तिची मोहीम राबवली होती. आपल्या मुलाला ती केव्हा द्यायची, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे.